राखलेले केस

कारेगावच्या पत्र्याच्या खोलीत इंद्रजीत सकाळी उठला, तेव्हा त्याच्या केसांची वेणी घातलेली होती. तिपेडी, घट्ट, एकही बट सुटलेली नाही.

"आरं, ही कुठली हौस?" शेजारच्या गादीवरून आरिफ हसला. शिरूरचा आरिफ आयटीआयपासूनचा दोस्त, आता एका कंपनीत पॅकिंगला होता. "नवरीवानी नटून कुठं निघालास?"

"मी न्हाई घातली."

"मग मी घातली व्हय? मला बुटाची नाडी बांधता येत न्हाई धड."

इंद्रजीत हसला नाही. वेणीला माक्याच्या तेलाचा वास येत होता आणि खोलीत तेलाची बाटलीच नव्हती. शुक्रवार होता. दर शुक्रवारी त्याची आई सरूबाई त्याला असंच पुढ्यात बसवायची, तेल चोपडायची, वेणी घालायची आणि तुकाईच्या देवळात न्यायची. दाढीमिशा फुटलेला पोरगा आईपुढं मांडी घालून बसतो म्हणून गल्ली हसायची. सरूबाई म्हणायची, "हसू द्या. देवीची ठेव हाय ती."

सरूबाईला जाऊन आता वर्ष व्हायला आलं होतं.

ठेव म्हणजे नवस. आयटीआय होऊनही पोराला काम लागेना, तेव्हा तिने तुकाईपुढे पदर पसरला होता. 'माझ्या लेकाला कंपनीत लाव माये. लागला की त्याचे केस तुझ्या पायाशी वाहीन. तवर कात्री लागू द्यायची न्हाई.' आपण काय बोलून बसलो, हे त्या भोळ्या माउलीला कधी उमगलंच नाही. रांजणगावात ज्या ज्या कंपनीच्या गेटवर इंद्रजीत गेला, तिथं आधी त्याच्या केसांकडेच बोट गेलं. केस जाईनात म्हणून नोकरी लागेना, आणि नोकरी लागेना म्हणून केस जाईनात.

त्या शुक्रवारीही तेच झालं. लेथ मशीनवर दिलेलं ट्रायलचं काम त्याने बिनचूक काढून दाखवलं. भरतीच्या सायली मॅडम खूश झाल्या, पण त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून खाली उतरलेल्या वेणीवर थांबली.

"नवसाचे आहेत मॅडम. जॉइन झालो की त्याच दिवशी देतो."

मॅडमनी थट्टा केली नाही. "माझी आईपण सोमवार धरते. पण लेथला ते कळत नाही हो. फिरत्या चकात बट सापडली तर डोकं सोलून निघेल. सोमवारी फर्स्ट शिफ्टला केस कापून या. लगेच घेते."

संध्याकाळी आरिफने त्याला समजावलं. "माझी पन चोटी राखली व्हती दादीनं, पीराच्या नावानं. काढली तवा मी लई रडलो म्हनं. पन काढलीच ना? बिबीजान दादीनं सोता काढली."

"तुझी दादी जिती व्हती, आरिफ."



शनिवारी दुपारी इंद्रजीत शिरूरला हौशीरामच्या सलूनमध्ये जाऊन बसला. मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली आणि डोळे मिटले. गळ्याभोवती कापड आलं. कात्री कानामागे आली आणि थांबली.

"डोकं मागं का वढतुयास? सैल सोड."

"मी कुठं वढतोय?"

वेणी घालण्याआधी केस मुठीत गोळा करावेत, तशी कुणीतरी त्याच्या मानेपाशी मूठ आवळली होती. दुखत नव्हतं. त्या बोटांची ओळख होती त्याला. करंगळी अर्धवट वाकलेली, विळ्याने कापल्यापासूनची. त्याने डोळे उघडले. आरशात त्याचे केस मागच्या बाजूला ताठ ताणले गेले होते, आणि हौशीरामचे दोन्ही हात त्यापासून लांब, छातीशी होते.

हौशीरामने कात्री खाली ठेवली, गळ्याचं कापड सोडलं. "तू जा बाबा," तो हळूच म्हणाला. "ज्याचं त्याला इचारून ये आधी."

इंद्रजीतने न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरली, चौफुल्याला उतरला, तिथून पाटसच्या पुढे त्याचं गाव. वडील, कोंडिबा, ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नवस झाला तेव्हाच त्यांचं आणि सरूबाईचं वाजलं होतं.

"आबा, कापू का न्हाई?"

"मला काय इचारतूस? तुझ्या आयनं मला इचारलं व्हतं व्हय?" ते म्हणाले. मग आवाज उतरला. "तुला दिसती का रं ती?"

"न्हाई. हात कळतो निस्ता."

कोंडिबांनी आपल्या तळहाताकडे बघितलं. "मला तेवढंबी न्हाई," ते म्हणाले.

रविवारी सकाळी बापलेक तुकाईच्या देवळात गेले. झुंबरबाई गाभारा सारवत होती. देवीची दिवाबत्ती तिच्याकडे. सरूबाईने नवस केला तेव्हा शेजारी बसलेली तीच.

"नवस बोललेलं मानूस मदीच गेलं की आसं व्हतं," ती म्हणाली. "सरूचा जीव अडकलाय. ती वाट बघतीय रं. नोकरी लागली आसंल तर तिला सांग, म्हंजी सोडंल ती. आन् लागली नसंल तर केसाला हात लावू नगंस. हितं खोटं चालत न्हाई."

इंद्रजीत देवीपुढे गुडघ्यावर बसला. मानेपाशी ती मूठ होतीच. उद्याची शिफ्ट, सायली मॅडम, ट्रायलचा तो चकचकीत तुकडा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एका दिवसाचंच अंतर आहे, त्याने मनाला सांगितलं. उद्या खरंच होणार आहे.

"आये," तो म्हणाला, "नोकरी लागली मला."

मूठ सुटली नाही. थोडी हलली, जणू नीट ऐकायला.

"कंपनीत. लेथवर. पर्मनंट."

मग बोटं एकेक करून सैल झाली. जाता जाता ती केसांतून कपाळापर्यंत आली, दोन्ही कानशिलांवर टेकली आणि त्याच्या डोक्याशी कडाकडा मोडली. आवाज झुंबरबाईलाही ऐकू आला. तिने हातातलं शेणाचं पोतेरं खाली ठेवलं.

"पावली रं माय," ती रडू लागली. "आनंदानं गेली सरू."

कोंडिबांनी केस कापले. कात्री सरसर चालली. इंद्रजीत ओणवा होऊन रडत होता. झुंबरबाईला वाटलं, आनंदाने.

सोमवारी उजाडता उजाडता तो गेटवर उभा होता. मानेला वारा झोंबत होता. वॉचमनने यादी बघितली नाही की नाव विचारलं नाही. "भरती थांबली," तो म्हणाला. "शनिवारीच ऑर्डर गेली हातची. मॅडम म्हनल्या, काय झालं तर कळवू."

"पण मी केस कापलेत," इंद्रजीत म्हणाला.

वॉचमनला त्यातलं काय कळणार? त्याने मागच्या बसला वाट करून द्यायला त्याला बाजूला केलं.

त्या दिवसापासून इंद्रजीत रोज पहाटे उठतो, अंघोळ करतो, डबा भरतो आणि फर्स्ट शिफ्टच्या गर्दीबरोबर गेटपर्यंत चालत जातो. गर्दी आत जाते. तो समोरच्या बाभळीखाली बसतो, शिफ्ट सुटेपर्यंत. दुसरीकडे काम बघ, असं आरिफने कितीदा सांगितलं. वेअरहाऊसमध्ये बोलावणं आलं होतं, तिथंही तो गेला नाही. आईला लेथ सांगितलाय, म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आता काहीच होत नाही. तो मात्र उठून भिंतीकडे पाठ करून, मान जराशी पुढे घालून बसतो. आरिफ ते बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. परवा मात्र तो दारात आडवा उभा राहिला.

"खरं सांग, कुठं जातोस रोज?"

इंद्रजीतने डबा खांद्याला अडकवला, खोलीत आणखी कुणी ऐकतंय का म्हणून एकदा मागे पाहिलं, आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाला, "ड्यूटीला."