उलटा कोपरा

"हा कोपरा काऊन उलटून राह्यला वं घडीघडी, माह्या टमाट्यावर येते..." शेजारच्या दुकानावरची सीताबाई स्वतःशीच पुटपुटली, आणि पंचफुलानं घाईघाईनं कोपऱ्यावर एक फुलकोबी ठेवली. कोपऱ्यात एक डोळा छापलेला होता. तिच्या लेकीचा, आचलचा.

सिंदीच्या बाजारात सगळेच भाजीखाली जुने फ्लेक्स अंथरतात. कोणाच्या वांग्यांखाली पुढाऱ्याचा वाढदिवस, कोणाच्या कांद्यांखाली शिकवणी वर्गाची जाहिरात. पण पोटच्या पोरीचं अभिनंदन... नवऱ्यानं, मनोहररावांनी, सकाळी तो फ्लेक्स उपडा करून तिच्या टोपल्यात ठेवला, प्लास्टिक चांगलं आहे म्हणाले. नवरा-बायकोत त्या विषयावर वर्षभरात झालेलं हेच सर्वांत लांब बोलणं.

भरतीच्या यादीत आचलचं नाव आलं, ते दिरानं, अंकुशनं, मोबाइलवर दाखवलं होतं. नाव दिसलं आणि सगळे नाचले. वर काय लिहिलंय ते वाचायला सवड कुणाला — या घराला लग्नपत्रिकेखेरीज छापलेल्या नावाची सवयच कुठे होती? आचल काहीतरी सांगत होती, पण तोवर डफडं वाजायला लागलं होतं. संध्याकाळी चौकात फ्लेक्स: आचल एक, शुभेच्छुक अकरा. यश येतं तेव्हा अकरा जण खांद्याला खांदा लावून फोटोत उभे राहतात. जाताना मात्र ते एकटंच मागच्या दारानं जातं, कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

मग तीन स्थळं आली. तिन्ही पोरीला पाहायला कमी, पगाराला पाहायला जास्त. नोकरीची ऑर्डर कधी, विचारायचे. येईल, म्हणायचं. आचल रोज पिशवी घेऊन वर्ध्याच्या अभ्यासिकेत जायची, आणि कुणीच विचारायचं नाही की नोकरी लागलेली पोर अजून कसला अभ्यास करते.

गेल्या दिवाळीत फळी पुसताना त्या यादीचा छापील कागद सापडला. चौथी शिकलेल्या पंचफुलानं बोट ठेवून वाचलं — प्रतीक्षा यादी. शब्द ओळखीचा होता. स्टेशनावरच्या खोलीवर तसाच काहीसा लिहिलेला. माणसं गाडीची वाट पाहत बसतात ती खोली... आणि सिंदीला तर कितीतरी गाड्या थांबतच नाहीत. कागद तिनं होता तिथंच ठेवला. मला कळलंय हे आचलला कळलं तर तिचं तोंड कसं होईल? त्यापेक्षा मी अडाणीच बरी. अडाणी माणसाला सुखी राहायला फार खर्च येत नाही.

आज दुपारी आचल बाजारात डबा घेऊन आली, तराजू हातात घेऊन बसली. गल्लीतली शोभाबाई कोथिंबिरीची जुडी निवडत होती. निवडता निवडता तिनं विचारलंच, ऑर्डर कधी येऊन राह्यली म्हणून. पंचफुलाचं तोंड 'येईल' म्हणायला उघडलं...

"नाई येत, काकू," आचल म्हणाली. तराजूचा काटा पाहतच. "माह्यं झालंच नव्हतं. वेटिंगवर नाव होतं. ते यादीबी संपली."

शोभाबाई अस्सं म्हणाली, आणि जुडी बदलून घेतली. बाजार चालूच राहिला. पंचफुलाला त्याचा रागच आला — एवढ्यासाठी आपण वर्षभर जीव मुठीत धरून बसलो? छातीत काहीतरी सैल झालं, आणि त्या सैलपणाची लाज वाटली.

आचलनं आता मान वळवली.

"तुले माहीत होतं न, आई?"

हो म्हणावं, तर एवढे दिवस पोरीला एकटीला सोडलं. नाही म्हणावं, तर... पंचफुलाच्या लक्षात आलं की आपली मान 'हो' म्हणून हलते आहे.