डोंगरकड्याचा स्विच

"दिवा पिवळाच हाय ना अजून?" केंद्र चालवणाऱ्या निर्मलाबाईंनी दारातूनच विचारलं. "मंग चहा टाकते."

शाहिस्ता डोंगरकड्याच्या सेवा केंद्रात, भिंतीवरच्या लोखंडी पेटीसमोर बसली होती. पेटीत नवा स्विच होता. शाळेच्या, दवाखान्याच्या आणि या केंद्राच्या इंटरनेटच्या तारा त्यात येत. पूर्वी असा स्विच बसवायला ती वसमतहून यायची. लॅपटॉप जोडून एकेक आज्ञा टाइप करायची. दुपार व्हायची, निर्मलाबाई भाकरी वाढायच्या. आता हिंगोलीच्या ऑफिसनं तिच्याच आज्ञांची स्क्रिप्ट करून सर्व्हरवर ठेवली होती. सुरू होताना स्विच ती स्क्रिप्ट स्वतःच मागवून घेणार. मागच्या आठवड्यात तो एसटीनं आला आणि शिपाई मसाजीनं पिन लावली. पण वीज जाऊन आली की तो अडायचा, दिवा पिवळाच राहायचा. म्हणून तिला पाठवलं होतं.

फोन वाजला. ऑफिसमधले संतोष सर.

"काय म्हणतंय डोंगरकडा?"

"अडलंय, सर."

"काहून पण? स्क्रिप्ट तर बराबर हाय."

"बघते."

"न्हाई जमलं तर सोड. गुंडाळून ठेवू हे. तूच फिर आपली पहिल्यासारखी."

तिनं फोन ठेवला. फेऱ्या थांबल्या तर तिनं घरी बसायचं, हे अम्मीनं कधीच ठरवलं होतं. वसमतबाहेर एकटीनं जायला तिच्याकडे एकच वाक्य होतं: "काम है, जाना पड़ता."

स्विच का अडतो, हे तिला कळलं होतं. वीज आली की तो लगेच जागा होई. छपरावरच्या अँटेनाला मात्र टॉवर सापडायला वेळ लागे. तोवर स्विचनं स्क्रिप्ट मागून, उत्तर न आल्यानं नाद सोडलेला असे. ती स्वतः यायची तेव्हा असं कधी झालं नव्हतं. ती आधी चहा घ्यायची.

बाकावरून यशोदाबाई उठल्या. "आज बी न्हाई का वो? शेळ्या शेजारणीवर टाकून आले. पोरीच्या हॉस्टेलला दाखला पायजे. लाईट येते अन् तुमचं यंत्र रुसून बसतं."

"थांबा ना मावशी," निर्मलाबाई म्हणाल्या. "ही आली की व्हतंय बराबर. हिच्या हाताला गुण हाय."

शाहिस्तानं चहाचा कप खाली ठेवला आणि फोन लावला.

"सर, स्क्रिप्ट ठीक आहे. स्विचला वीज उशिरा द्यायला पाहिजे. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला टायमर असतो ना, तसा लावायचा. अँटेना आधी सुरू होऊ द्यायची."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग सगळ्याच गावांला लावून टाकू! शाब्बास. आता तुला उन्हातान्हात फिरायची तकलीफ न्हाई."

"हो, सर."

निर्मलाबाईंनी घरच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर आणून दिला. शाहिस्तानं तो स्विचच्या पिनेला जोडला आणि मसाजीला मेन स्विच पाडायला लावला. अंधारात यशोदाबाई काहीतरी पुटपुटत होत्या. मसाजीनं पुन्हा वीज सुरू केली. अँटेनाचा दिवा लागला. पेटीत बराच वेळ काहीच नाही. मग टक् असा आवाज आला, आणि थोड्या वेळानं हिरवे दिवे एकेक करून लागत गेले. शाहिस्ता भिंतीला टेकून उभी होती.

प्रिंटरमधून दाखला निघाला. यशोदाबाईंनी तो पदराखाली धरला आणि त्या घाईनं शेळ्यांकडे निघाल्या.

"आता पुन्हा कधी येशील, माय?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"बघू, काकू."

फाट्यावर वसमतची बस आली. दार उघडून कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं. शाहिस्तानं नकारार्थी मान हलवली.

"मागच्या बसनं येते," ती म्हणाली.