सात नळ्या, एक आवाज

बंदुकीच्या चकमकीच्या धारेचा एक कोपरा उडाला होता, तांदळाच्या कणीएवढा. एल्डन त्या कोपऱ्याकडेच बघत राहिला, कारण नळ्यांच्या तोंडांकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मोळीसारख्या बांधलेल्या सात नळ्या. अशा मूळ बंदुका दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या जहाजांवर होत्या. ही इटलीतल्या कारागिराने घडवलेली नक्कल, पण चालणारी. एकदा चाप ओढला की सातही एकदम सुटतात... सुटायला हव्यात. त्या एकाच दणक्यात एखादी गप्प राहिली, तर कळणार कसं?

मघाच्या बाराला खांद्यावर नेहमीचा धक्का बसला नव्हता. की बसला होता? त्यानंतर त्याने सातही नळ्या पुन्हा ठासल्या. म्हणजे एखादीत आता दारूवर दारू, गोळीवर गोळी – आणि डावीकडे चार हातांवर शेजारचा नेमबाज मर्व्हिन.

"अरे म्हाताऱ्या, उडव की! माझी कॉफी गार झाली."

"इंग्रज बाई आहे ती बंदूक," पलीकडून कोणीतरी म्हणालं, "चहा झाल्याशिवाय बोलायची नाही."

सगळे हसले. मागे घडीच्या खुर्चीत बसलेली कोरिन हसली नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी एल्डनला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. त्याला दोन आठवले – पूल आणि रेशीम. परतताना गाडीत त्याची ही मुलगी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली होती, "बाबा, बंदुकीच्या बाबतीत एक जरी चूक झाली ना, तर सगळ्या विकायच्या. मग माझ्याशी भांडायचं नाही."

घरी अशा एकतीस. कोणाला नावंही माहीत नसलेल्या, फसलेल्या कल्पनांच्या बंदुका... मी त्याच का जमवल्या? जिंकलेल्यांची आठवण ठेवायला जग आहे, असं मी बायकोला सांगायचो. तेव्हा ते वाक्य मला फार आवडायचं.

ठिणगी झेलणारी दारू, रंजक, अजून भरली नव्हती. दारू ठासायचा गज एकेका नळीत सोडून बघायचा, एवढंच. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली तर एकच बार. दोन बोटं वर राहिली तर दोन. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ठासलेल्या बंदुकीत पुन्हा गज घालणारा माणूस काय विसरलाय, हे इथे सगळ्यांना कळतं. कोरिनला तर लहानपणापासून.

त्याने गज उचलला. हसणं थांबलं.

"बाबा?"

त्याने मागे बघितलं नाही. पहिली नळी – खूण तोंडाशी. दुसरी, तिसरी, तोंडाशी. चौथी. आता छाती हलकी व्हायला हवी होती. उलट प्रत्येक बिनचूक नळीबरोबर ती आवळत चालली होती. सगळंच बरोबर निघालं तर... तर मग धक्का कमी बसल्याची ही शंका आली कुठून?

पाचवी. तोंडाशी.

सहाव्या नळीत गज सोडताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण देवाजवळ काहीतरी मागतो आहोत, आणि मागतो आहोत ते हे, की खूण दोन बोटं वर राहू दे.