शून्य वेगाचं पाणी

लाल-पिवळी नाडाछडी, पूजेचा दोरा.

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत.

सासरचे पणजोबा संस्थानच्या पाणीखात्यात कारकून होते. एवढ्यावर गुणवंतकाका म्हणतात, पाणी आपल्या रक्तात आहे.

शून्य.

माझा नवरा सलील कुणाला नाही म्हणत नाही.

आता जोडून सांगते. गुणवंतकाका माझे चुलतसासरे, त्यांचा मकरपुऱ्यात कारखाना आहे. पूर्वी पाण्याच्या टाक्या बनवायचे, आता बोये बनवतात. पिवळा बोया समुद्रात साखळीने नांगरायचा. त्याच्या पोटाखाली छोटा पंखा. पाणी वाहिलं की पंखा फिरतो आणि प्रवाहाचा वेग अलकापुरीतल्या ऑफिसात माझ्या पडद्यावर येतो.

पहिल्या बोयाची शेडमध्ये पूजा झाली. वत्सलाकाकूंनी हळदकुंकू वाहिलं आणि नाडाछडी नेमकी पंख्याला गुंडाळली.

"फिरतं तेच जिवंत. बांधायचं ते त्यालाच," काकू म्हणाल्या.

"पाण्यात सोडताना काढाल ना?" मी विचारलं.

"देवाचं बांधलेलं काढायचं?" काका हसले. "भणेली-गणेली, शिकलेली सून आहे, विचारणारच."

बोया खंभातच्या आखातात गेला. भरतीला वेग शून्य. ओहोटीला शून्य. जिथली ओहोटी नांगरलेल्या होड्या ओढून नेते, ते आखात आमच्याकडे पिंपातल्या पाण्यासारखं निवांत. काकांना आकडा फार आवडला. उद्घाटनाला सलीलने होडीतून जाऊन बोयाला हार घालायचा, किनाऱ्यावरून फोटो. मुहूर्त निघाला ऐन ओहोटीत.

"काका, पंखा अडकलाय. त्याला पाठवू नका."

"तूच म्हणतेस ना, डेटा बघा? बघितला."

मी सलीलला फोन केला.

"काका म्हणतायत तर जाऊन येतो," तो म्हणाला. पस्तिशीचा माणूस.

मुहूर्त.

पडद्यावर दोन ठिपके. पिवळा म्हणजे बोया: जागेवर, वेग शून्य. निळा म्हणजे सलीलचा फोन. बोयाजवळ पोचला. पुढे गेला. थांबला नाही.

काका किनाऱ्यावर मंडपात होते. फोनमागे सनईची रेकॉर्ड.

"सलील वाहून जातोय. मोठी बोट पाठवा."

"शून्यात कसा वाहील?"

"काका, बोट."

"सूनबाई, पाहुणे बसलेत. ते जेवले की बघतो."

मी फोन ठेवला आणि बंदरावर लावला. तिथे कुणी आकडा विचारला नाही. कुठे, एवढंच विचारलं.

मच्छीमारांना तो संध्याकाळी सापडला. होडी चिखलात रुतलेली, तो कमरेपर्यंत चिखलात, हार गळ्यात. हार भिजू नये म्हणून घातला होता. फोनवर त्याचं पहिलं वाक्य: "काकांना काय सांगू?"

मी रडत होते. रडायची थांबले.

मग बोया वर काढला. नाडाछडी भिजून पंख्यावर आवळली होती. काकांनी चष्मा लावून गाठ निरखली, मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोलले.

"वत्सलाची गाठ. समुद्राला सुटली नाही."

गुरुवारी दुसऱ्या बोयाची पूजा. सलील नारळ आणि नाडाछडी आणायला गेलाय. त्याची बॅग मी दारात भरून ठेवली आहे. आता तो काकांकडेच राहील. नाही म्हणणार नाही.

पहिल्या पूजेच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये टेबलफॅनसमोर धरला तेव्हा तो पंखा छान फिरत होता.