तहानलेल्या बाटलीचा चमत्कार

"उतरली! उतरली!"

औरंगपुऱ्यातल्या नानासाहेबांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानं अर्धी मिटून आलेले व्यापारी, फुलंब्रीहून आलेले भाऊबंद, गल्लीतल्या बाया, सगळ्यांच्या माना एका तांब्याच्या घंगाळाकडे ताणलेल्या. घंगाळात पाणी, त्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा जाड थर आणि मधोमध खांद्यापर्यंत बुडवलेली स्कॉच व्हिस्कीची बाटली. तिच्या गळ्याला लाल दोरा होता. भजन सुरू झालं तेव्हा दारू दोऱ्याला टेकलेली होती. आता ती दोन बोटं खाली गेली होती. अन् सील जसंच्या तसं!

"प्याले! नानासाहेब प्याले!" मुक्तिनाथ महाराज गरजले. "इंग्रज दारूला काय म्हणतो? स्पिरिट! स्पिरिट म्हणजे आत्मा! आणि ही सिंगल माल्ट. सिंगल म्हणजे एक. एका बाटलीत एक आत्मा कोंडलेला!"

लोकांनी जयजयकार केला. दाराशी उभ्या अनसूयेच्या कपाळाची शीर उडू लागली.

अनसूया ही नानासाहेबांची थोरली लेक. खुलताबादच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नाना जाऊन महिना झाला होता. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाकडं त्यांचं एकच मागणं असे: एक जुनी सिंगल माल्ट आण. स्कॉटलंडातल्या बंद पडलेल्या भट्ट्यांच्या बाटल्या त्यांच्याकडं होत्या. कपाटात ते त्या उभ्याच ठेवत, उन्हाचा कवडसा पडू देत नसत. स्वतः क्वचितच एखादी उघडत. "ही दारू करणारे हात आता उरले नाहीत, बाई," असं म्हणून तिला लेबलं वाचून दाखवत.

त्या कपाटाची कीर्ती महाराजांच्या कानी गेली. सुतकात येऊन त्यांनी अनसूयेच्या आईला, वच्छलाबाईंना सांगितलं, की नानासाहेबांचा जीव बाटल्यांत अडकलाय, तहानेनं तडफडतोय. सगळ्या बाटल्या मठात आणून मुक्त कराव्या लागतील. कपाटात अर्धी संपलेली रमही होती. ती मात्र महाराजांनी मागितली नाही. तिच्यात बहुधा आत्मा नसावा.

तेव्हापासून वच्छलाबाईंचं जेवण तुटत गेलं आणि दोन दिवसांपासून तर त्यांनी अन्नच सोडलं होतं. साखरेचा आजार, वर उपास. त्या दिवशी सकाळी त्या न्हाणीत भोवळ येऊन पडल्या.

"आई, घोटभर दूध तरी घे."

"त्यायचा जीव तहानलेला अन् म्या दूध पिऊ? नाय गं बाई."

धाकटा भाऊ बद्रीनाथ हळूच म्हणाला, "ताई, देऊन टाकू बाटल्या. आई तरी जेवंल."

"अन् उद्या तो म्हणाला, नाना या घरात अडकलेत, तर?"



आता जयजयकार चालू असतानाच महाराजांचा चेला कडूबा खोकी घेऊन कपाटाकडं निघाला, तशी अनसूया पुढं झाली. भजनाआधी तिनं त्याला जीपमधून ही बाटली काढताना पाहिलं होतं. 'शुद्धी'साठी म्हणून ती सकाळीच नेली होती आणि जीप मे महिन्याच्या उन्हात उभी होती. कडूबानं बाटली उपरण्यात धरली होती, चुलीवरचं भांडं धरावं तशी.

नमस्काराला वाकल्यासारखं करून तिनं घंगाळात हात घातला. बोटं बधिर झाली. पाकळ्यांखाली बर्फ होता.

"महाराज, नाना प्यालेली परत करतील का?"

"मृतात्मा घेतो, पोरी. देत नाही."

"बद्री, न्हाणीतलं पाणी आण. आधी कोमट, मग कढत. एकदम कढत घातलं तर काच तडकंल."

"विटाळ होईल!" महाराज ओरडले. कडूबा बाटलीकडं झेपावला, पण फुलंब्रीच्या सांडूकाकांनी त्याचा दंड धरला. "थांब रं. बघू तर दे."

बद्रीनं आणलेल्या कोमट पाण्याच्या बादलीत बाटली उभी राहिली, मग वरून कढत पडलं. दारू हलली. गळ्यातून इंच इंच चढत दोऱ्याला टेकली आणि थोडी वरही गेली.



"उष्णतेनं पातळ पदार्थ फुगतो, थंडीनं आकसतो," अनसूया म्हणाली. "रुंद भांड्यात कळत नाही, अरुंद गळ्यात डोळ्यांना दिसतं. आपण ताप बघतो ते थर्मामीटर याच नियमावर चालतं. त्यातला पारा उतरतो, तो काय कुणाचे आजोबा पितात?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग हशा पसरला. महाराज 'श्रद्धा', 'कलियुग' असलं काहीबाही पुटपुटत चपला शोधू लागले.

वच्छलाबाई भिंतीला धरून उठल्या. "थांब की. महिनाभर म्या रडले. माझा नवरा पाण्यावाचून तळमळतोय म्हणून रडले. व्हय रं, बर्फ घालताना तुझा हात नाय कापला?"

महाराजांनी हाती लागल्या त्या चपला पायात सरकवल्या. जाता जाता दोघातिघांनी तरीही त्यांच्या पायाला हात लावलाच.

वच्छलाबाई खाली बसल्या. बादलीतल्या बाटलीच्या गळ्याचा लाल दोरा त्यांनी सोडला. मग म्हणाल्या, "अनसू, भाकरी आण. अन् ती बाटली पुसून कपाटात ठीव. उभी ठीव, त्यायला आडवी चालत नव्हती."

मुक्तिनाथ महाराज अजून हिंडतात. बाटली नसेल तिथं नारळ असतो, नारळ नसेल तिथं लिंबू. त्यांचं भांडवल बर्फ नाही, आपल्या घरातलं दुःख आहे. उद्या ते तुमच्या दारी आले, तर हात जोडण्याआधी तोच हात पाकळ्यांखाली घालून पाहा.