पिवरा सरकून राहिला

बिट्टी झोपली की रीनाचं ऑफिस उघडायचं आणि बिट्टी उठली की बंद व्हायचं. पाटी नाही, शटर नाही. ओसरीला लागून असलेल्या खोलीत एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि शेजारी पाळणा, ज्याची दोरी रीनाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात माउसवर, पाय पाळण्यावर. लग्नाआधी गोंदियात, रेलटोलीच्या क्लासमध्ये ती मोशन ग्राफिक्स शिकली, तेव्हा सरांनी हातांचं सगळं शिकवलं होतं. पायाचं काहीच सांगितलं नव्हतं. ते बिट्टीनं शिकवलं.

तिरोड्याहून बोदलकशाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या त्या गावात आता छापील पत्रिकेवर कोणाचं मन भरत नसे. फुलं पडणारी, गणपती उजळणारी, मागं सनई वाजणारी व्हिडिओ पत्रिका मोबाइलवर आली, तरच लग्न ठरलं असं लोक धरत. आसपासच्या किती गावांच्या पत्रिका रीनानं केल्या असतील! पण ही पत्रिका घरची होती, आणि घरचं काम म्हणजे अवघड जागेचं दुखणं.

तिची नणंद अंजू आणि चुलत नणंद खुशबू, दोघींची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात होती. दोघी एका अंगणात वाढल्या, एका सायकलवर डबलसीट शाळेत गेल्या, आणि वयात आल्या तशी दोघींनी घरात जाहीर केलं की मांडव एक असेल तर लग्न, नाहीतर कोणाचंच नाही. दोन्हीकडचे पाहुणे तयार झाले. घोडं अडलं ते बापांपाशी. अंजूचे वडील भोजराज, म्हणजे रीनाचे सासरे, आणि खुशबूचे वडील उदाराम. सख्खे भाऊ, भोजराज थोरले, आणि बोलणं बंद.

कारण धुरा. दोघांच्या धानाच्या वावरांमध्ये हातभर रुंदीचा मातीचा बांध आहे, तोच धुरा. दर साली रोवणीच्या तोंडावर समोरचा तो फावड्यानं कोरतो आणि धुरा आपल्या अंगावर सरकवतो, असं भोजराजचं म्हणणं. उदारामचंही अगदी तेच म्हणणं. एकच धुरा एकाच वेळी दोन्हीकडं सरकत होता! तरी बोलणं अगदीच बंद होतं असंही नाही. काही सांगायचं असलं की दोघं रीनाला सांगत. समोरासमोर उभे असले तरी रीनालाच सांगत.

पत्रिकेचे रंग ठरवतानाही तेच झालं. भोजराजनं हळदीचा पिवळा सांगितला. रीना बिट्टीला कडेवर घेऊन उदारामकाकाजींकडं गेली.

"मोठ्यानं कोनता घेतला?" उदारामनं विचारलं.

"पिवळा."

"मंग त्याच्या एकदम उलटा कोनता असते?"

रीना पडली खरं बोलणारी. रंगांच्या चाकात पिवळ्याच्या बरोब्बर समोर जांभळा बसतो, हे तिनं सांगून टाकलं.

"थोच लाव."

आता असे हाडवैरी रंग एकमेकांत मिसळायला लावले, म्हणजे ज्याला ग्रेडियंट म्हणतात तो केला, की मधोमध त्यांचा चिखल होतो. डावीकडं गोड पिवळा, उजवीकडं देखणा जांभळा, आणि मधे कोणीतरी वावरातून येऊन पाय धुतल्यासारखा मातकट पट्टा. क्लासमधले सर म्हणायचे, "सिरे तो कोई भी पकड लेता है, बीच संभालो." रीनानं बीच संभाळला तो असा, की त्या पट्ट्यावर सोनेरी गणपती आणून बसवला. देवाच्या पाठीमागं काय आहे ते कोण बघतं?

मग तिनं रंगांना हालचाल दिली. पिवळा हळूच उजवीकडं सरकेल, थोडा थांबेल, परत जाईल. मग जांभळा डावीकडं येईल, थांबेल, परत जाईल. कुठं वळायचं, कुठं थांबायचं याच्या खुणा टाइमलाइनवर टाकताना तिची नजर पाळण्यावर गेली. पाळणा टोकाशी पोचताना कसा मंद होतो आणि मगच वळतो! तिनं रंगांनाही तशीच चाल लावली. त्या झुल्यावर डावीकडं अंजू आणि उजवीकडं खुशबू, अशी दोन नावं तरंगायला लागली, तेव्हा रीनाला आपलंच आपल्याला फार कौतुक वाटलं. तिनं व्हिडिओ दोन्ही घरी पाठवला आणि पाळण्याच्या खाली सतरंजीवर अंग टाकलं. डोळा लागतो न लागतो तोच,

"सूनबाई!"

उदाराम उंबऱ्यावर उभे. बोलणं बंद झाल्यापासून या घरात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. आताही त्यांनी एकच पाय आत टाकला होता. दुसरा बाहेर, स्वाभिमान म्हणून. मागं धापा टाकत खुशबू. काकाजींच्या हातात मोबाइल, त्यावर व्हिडिओ मधेच थांबवलेला.

"हे काय होय?"

"पत्रिका, काकाजी. काऊन, नाव चुकलं का?"

"नाव बरोबर हाय. हा पिवरा पाह्य. पिवरा सरकून राहिला!"

रीनानं पाहिलं. पिवळा अगदी टोकाला पोचलेला असताना त्यांनी बोट दाबलं होतं.

"आज पोरीच्या नावापावतर आला. लग्नापावतर माह्या घरात येईन. मले मालूम हाय थो कसा सरकते."

"काकाजी, तो परत जाते ना! पुढं पाहा तर."

"पुढं कायले पाहू? आलेला धुरा परत गेलेला मी उमरभर नाई पाह्यला."

आतल्या खाटेवरून भोजराजचा आवाज आला. "रीना, त्याले सांग, आमी कोनाच्या नावावर जात नाई. उलटा जांभराच आमच्या अंजूच्या अंगावर चढून राहिला."

आणि ते आपला मोबाइल घेऊन बाहेर आले. त्यांनीही व्हिडिओ थांबवला होता, त्यांच्या सोयीच्या ठिकाणी. दोन्ही मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. भोजराजनं आगपेटीतली काडी काढून जांभळा मोजला. उदारामनं उंबऱ्यावरूनच वाकून तीच काडी उचलली आणि पिवळा मोजला. काडीनं दोघांनाही सारखाच न्याय दिला, त्यामुळं दोघांचाही काडीवर विश्वास बसला नाही.

"हे पाहा," रीना पाळण्याला झोका देत म्हणाली, "हा पाळणा इकडं येते, तिकडं जाते. म्हणून त्यानं इकडचं घर घेतलं का? तसंच आहे हे."

"पारन्याची गोस्ट वेगरी," उदाराम म्हणाले. "पारन्यात लेकरू असते." त्यांनी हनुवटीनं भोजराजकडं दाखवलं. "पिवऱ्यात हा हाय."

"सांग त्याले, जास्त बोलू नको म्हना."

"त्याले सांग, मले एका मांडोत यायचंच नाई. दोन मांडो होतीन. माहा गावाच्या त्या टोकाला."

"सांग, होऊन जाऊ दे!"

बोलता बोलता बोलून गेले खरे. भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन अंजू स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि खुशबूजवळ जाऊन उभी राहिली. अंजूनं खुशबूचं मनगट धरलं, त्यावर पीठ लागलं. एका हौसेच्या झुल्यापायी दोघींचा मांडव मोडायची वेळ आली होती.

"दोन मांडव नको," ती घाईनं म्हणाली. "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, आताच करून देते. तुमच्यासमोर."

"मधात लकीर मार. सीधी," उदाराम म्हणाले. "हालली नाई पायजे."

"त्याले सांग, मीबी हेच म्हनतो," भोजराज म्हणाले.

ग्रेडियंटच्या पट्टीवर दोन रंगांचे दोन ठिपके असतात. त्यांच्यात अंतर असेल तेवढ्यात रंग मिसळतात. रीनानं ते ठिपके ओढत ओढत एकमेकांना भिडवले. मिसळणं संपलं, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत सुरीनं कापल्यासारखी रेघ उभी राहिली. एक बाजू पिवळीजर्द, एक बाजू जांभळी. मधे गणपती, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. दोन्ही भावांनी आपापल्या जागेवरून माना वाकड्या करून पाहिलं आणि हुंकार दिला. पटलं म्हणायचं.

मग भोजराज पुढं झुकले. "रीना, सोंड त्याच्याकडं काऊन गेली?"

सोंड खरंच उजवीकडं वळलेली होती. रीनानं निमूटपणे गणपती उलटा फिरवला. सोंड डावीकडं आली. पण त्यासोबत डावीकडचा उंदीर उजवीकडं गेला.

"वा!" उदाराम ओरडले. "सोंड त्याले अन् उंदीर मले? माह्याच वावरात उंदीर सोडता? धान खाऊन टाकन ना थो!"

"देवाचा उंदीर धान नाही खात, काकाजी."

"उंदराले कोनी सांगितलं देवाचा हाय म्हनून?"

सासूबाई शामकला पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, तांब्या खाली ठेवला. "पत्रिका होय का मोजनीचा नकाशा? पाहुने अक्षता आनतीन का टेप?"

खुशबू पुढं आली. आवाज अगदी लहान.

"वहिनी, माहं नाव काढून टाक. अंजूचं लगन होऊ दे या मांडोत. माहं पाहू मंग कधी." आणि तिनं ओढणीनं नाक पुसलं, तर मनगटाचं पीठ नाकाला लागलं.

उदारामनी बाहेरचा पाय आत घेतला. खाकरले. पडद्यावरच्या रेघेकडं बघत म्हणाले, "सूनबाई, हे लकीर थोडीशी पुसट होते का?"

"होते. त्याला जागा लागते, कोणाच्या बाजूनं घेऊ?"

"माह्या."

"त्याच्या बाजूनं कायले?" भोजराज ताडकन पुढं आले. "त्याले सांग, मोठा मी हावो. माह्या बाजूनं घे."

"सांग त्याले, पोरगी माही रडून राहिली."

"अबे उदा, पोरगी का तुह्या एकट्याची हाय बे?"

रीनाचा माउसवरचा हात थांबला. अंजू खुशबूकडं पाहायला लागली. हे वाक्य रीनाच्या हातून गेलंच नव्हतं; ते आपलं आपण, सरळ, या भावाच्या तोंडून त्या भावाच्या कानात गेलं होतं. उदारामनी सवयीनं "सांग त्याले" म्हणायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं. कोणाला काय सांगायचं तेच सुचेना.

"तं मंग घे ना दोघायकडून!" ते शेवटी खेकसले. सरळ भोजराजवरच.

"घे! रीना, माह्याकडून जास्त घे!"

"माह्याकडून त्याच्याहून जास्त!"

रीना ठिपके ओढत गेली. रेघ विरघळली. रंग पसरले. आणि रंग पसरले तसा गणपतीच्या पाठीमागून तो चिखल दोन्ही बाजूंनी बाहेर आला.

"हे काय निघालं वो?" भोजराजनं विचारलं.

"उलटे रंग मिसळले की असंच होते, मामाजी. थांबा." तिनं पट्टीच्या मधोमध तिसरा ठिपका टाकला आणि त्याला गुलाबी रंग दिला. चिखल गेला. पिवळ्यातून केशरी, केशरीतून गुलाबी, गुलाबीतून जांभळा, असं बोदलकशाच्या तळ्याच्या पाण्यावर संध्याकाळी उतरतं तसं काहीतरी पडद्यावर उतरलं.

पण भाऊ आता थांबायला तयार नव्हते. एकानं "अजून घे" म्हटलं की दुसरा "मीबी देतो ना" म्हणायचा. देण्याची अशी चढाओढ लागली की मधला गुलाबी पसरत गेला, पसरत गेला, आणि अंजू-खुशबूची दोन्ही नावं त्याच्या पोटात आली.

"वहिनी, बस! हेच ठेव!" दोघी एकदम ओरडल्या. खुशबूच्या नाकावरचं पीठ तसंच होतं.

रीनानं रेंडरचं बटण दाबून टाकलं. आता कोणाचं मन बदलायच्या आत व्हिडिओ तयार झालेला बरा.

उदाराम डोळे बारीक करून पडद्याजवळ गेले. "भाऊ, आपला रंग कुठं गेला?"

"थो काय तिकडं. कोपऱ्यात. तुहाबी तेवढाच राहिला."

"मंग मधातला हा गुलाबी कोनाचा?"

दोघं विचारात पडले. मग दोघांच्याही माना एकाच वेळी रीनाकडं वळल्या.

"हिचा!" भोजराज म्हणाले.

"दोघायचंबी वावर खाऊन गेली ना बापा हे पोट्टी! आपुन इथं भांडून राहिलो, अन् हे मधातून..."

"मोठमोठे पटवारी पाह्यले मी, पन असा हात नाई पाह्यला."

आरडाओरड्यानं बिट्टी उठली. ऑफिस बंद झालं. रीनानं अंगठ्याची दोरी सोडली, लेकीला उचललं आणि भिंतीकडं तोंड करून, पदराखाली घेऊन पाजायला बसली. बिट्टीनं एक हात वर काढून तिच्या मंगळसूत्राचा मणी धरला. पाठीमागं एकाच खाटेवर दोघं भाऊ टेकले होते आणि मन लावून तिचे दोष काढत होते. सकाळी उशिरा उठते. भाजीत तेल जास्त. दिवसभर त्या डबड्यापुढं. उदारामनी एक सांगितला की भोजराज घरचा भेदी असल्यासारखे दोन पुरवायचे. रीनाला वाईट वाटायला हवं होतं, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते, आणि पिताना हिसके बसतात म्हणून बिट्टी कपाळाला आठ्या घालून तिच्याकडं बघत होती.

अंजूनं हात धुऊन चहा मांडला. शामकला दोन कप घेऊन आल्या.

उदारामनी एक घोट घेतला. "कोनी केला वो वहिनी?"

शामकलाबाईंनी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या अंजूकडं पाहिलं, पाठमोऱ्या रीनाकडं पाहिलं, आणि एका खाटेवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या त्या दोघांकडं पाहिलं.

"सूनबाईनं," त्या म्हणाल्या.

"तरीच," दोघं भाऊ एकदम म्हणाले, "फिका हाय."