आतली कडी

आमच्या कुलपांच्या दुकानात गल्ल्यावर मी बसते, हातकाम दादा करतो. वडिलांनी घालून दिलेली एक रीत आहे: दाराआड काय आहे, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. दादा ती डोळे मिटून पाळतो.

एकदा महिला संघटनेच्या दोघी आल्या. म्हणाल्या, "आतली कडी काढून फक्त बाहेरून लावा, असं कोणी सांगितलं, तर निदान विचारा, आत कोण असणार. आणि घरातल्या बाईला आमचा नंबर द्या." एवढंच मागणं. दादाने त्यांना खुर्च्या दिल्या, चहा पाजला, मान डोलावली. त्यांची पाठ वळली मात्र, दुकानाला वाचा फुटली.

आमचा कारागीर, ज्याला सगळे पोपट म्हणतात, तो म्हणाला, "आता स्क्रू पिळायला पण बायकांची परवानगी काढा!"

शेजारचे काचवाले काका तर दुखावलेच. "सगळे पुरुष काय राक्षस असतात? मी आजवर बायकोवर हात उचलला नाही."

"काका, तुमच्याबद्दल कोण बोललं?" मी म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं.

दादा आपला शांत. "त्यांचं बरोबर आहे गं. पण आपण कोण विचारणारे?" नंबराच्या चिठ्ठ्या खणात गेल्या त्या गेल्याच. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

उन्हाळ्यात जवळच्याच गल्लीत एक बाई गेली. दम्याची होती. नवरा तिला मागच्या खोलीत कोंडून कामावर निघून गेला आणि तिचं औषध स्वयंपाकघरात राहिलं. दुपारभर दार धडधडत होतं. शेजाऱ्यांना वाटलं, काहीतरी ठोकाठोक चालली असेल. नवरा आता पोलिसांना सांगत होता की कडी घर घेतल्यापासून बाहेरच होती, चुकून सरकली असेल.

त्या दोघी परत आल्या. कडी दादाने बसवली हे त्यांना त्या बाईच्या शेजारणीकडून कळलं होतं. "तुम्ही जबाब दिला नाहीत तर तो सुटेल," थोरली म्हणाली. दादा हातातलं कुलूप पुसत राहिला. शेवटी त्या उद्या येतो म्हणून गेल्या.

लगेच काका आले. "भलत्या भानगडीत पडू नकोस. चौकीच्या फेऱ्या मारून चपला झिजतील." मग दादाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुझा काय दोष? तू फक्त कडी लावलीस." पोपटाने न सांगता त्याला पाणी आणून दिलं. जीव तिचा गेला होता आणि समजूत याची काढली जात होती! तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला रागाने रडू आलं.

सगळे पांगल्यावर मी विचारलं, "दादा, जाणार आहेस की नाही?"

"कडी मी लावली, हे सांगायला मी घाबरत नाही."

"मग?"

त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"नवरा फोन आला म्हणून बाहेर गेला, तेव्हा ती जवळ आली. हळूच म्हणाली, भाऊ, जरा छोटे स्क्रू लावले तर चालतील का? मला वाटलं, दार नवीन आहे, भोकं पडतील म्हणून जीव तुटतोय तिचा. मी म्हटलं, ताई, निर्धास्त राहा. सगळ्यात लांब स्क्रू लावतो, हत्तीने धडक दिली तरी कडी हलायची नाही." त्याने डोळे मिटले. "आणि खरंच तसे लावले गं. हलवून दाखवली तिला."

दुपारभर ती त्याच दारावर धडका देत होती. मी स्टुलावर बसले.

"हे पण सांगावं लागेल का?" दादाने विचारलं.

"हे आधी सांगायचं."

तो ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. मी त्याची समजूत काढली नाही.